दोन नोकऱ्या आणि मी एकटा

३ जून, सकाळी
पदवी हातात. आता निवड. एका रिसर्च फर्मचं ऑफर लेटर आलंय. कंपन्यांचा अभ्यास करायचा, शेअर घ्यावा की विकावा याचे रिपोर्ट लिहायचे. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. दुसरीकडे हेज फंड. श्रीमंतांचा पैसा बाजारात लावायचा, मोठ्या उड्या. तिथे अजून इंटरव्ह्यू व्हायचाय, पण ती औपचारिकता. रिपोर्ट लिहिणाऱ्यांतला मी नाही.

४ जून
बाबा म्हणाले, आधी हातातल्याला हो म्हण. त्यांनी तीस वर्षं एकाच ऑफिसात काढली, त्यांना रिस्क कळत नाही. ताई म्हणाली, तुला तरी कुठे कळते? दुर्लक्ष केलं.
रिसर्चवाल्या मॅडमना मेल टाकली: मुदत वाढवा, इतरही उत्सुक आहेत. ताटकळू देत जरा.

६ जून
मॅडमचं उत्तर: सोमवार संध्याकाळपर्यंत थांबू. बघा! शरण आल्या.

९ जून, सोमवार
हेज फंडात इंटरव्ह्यू. काचेची केबिन. साहेबांनी विचारलं, कुठला शेअर घ्याल? एका बूट कंपनीवर वीस मिनिटं बोललो. साहेब म्हणाले, ती दोन वर्षांपूर्वीच बंद पडली. मी म्हटलं, म्हणूनच स्वस्त मिळेल. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. छाप पडली.
आईचे दोन फोन: मॅडमना कळवलंस का? उद्या कळवतो. एका संध्याकाळनं काय होतंय?

११ जून
हेज फंडाचा नकार. दोन ओळी, त्यात माझं नावही चुकलेलं. म्हणजे तो दुसऱ्या कुणाचा असणार. फोन करून खात्री केली. माझाच.
मग मॅडमना फोन लावून मोठ्या मनानं होकार कळवला. त्या म्हणाल्या, अहो, काल सकाळीच जागा भरली. इतक्या प्रेमानं म्हणाल्या की भांडताही येईना.
बाबांनी माझे तीन नवे शर्ट इस्त्री करून आणले होते. ऐकलं आणि ते कपाटात ठेवले. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१६ जून
आत्या दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात नंबर द्यायला बसलोय. तात्पुरतं, बाजार सुधारेपर्यंत. गाल सुजलेल्या एका आजोबांना ठामपणे सांगितलं, दहा मिनिटांत तुमचा नंबर. पाऊण तास लागला. दुपारपर्यंत असे सहा अंदाज दिले.
संध्याकाळी आत्यानं स्वतःच्या हातानं माझ्या टेबलावर पाटी चिकटवली: ‘वेळेबद्दल इथे विचारू नये.’