फिनेलने धुतलेली टाकी

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
ग्राम गोबरगॅस प्रकल्प कक्ष, अकोला.

विषय : मौजे भेंडखेड येथील गॅस टाकीचा लिलाव थांबवून माझ्या नावापुढचा "हलगर्जी" हा शब्द खोडण्याबाबत.
संदर्भ : १) आपले स्वच्छता प्रशस्तिपत्र, दि. १४/१०/२०२५. २) मला कामावरून कमी करण्याचा आपलाच आदेश, दि. ५/१२/२०२५. (दोन्हींवर सही एकच आहे.)

महोदय,

मी खाली सही करणार माणिकबाई गोवर्धन निमकर्डे, वय ५४, पूर्वीचा धंदा भाजी विकणे, चार वर्षांपासून वरील टाकीची देखभाल, सविनय कळवते की,

१. हिवरखेडच्या बाजारात उरलेली सडकी वांगी, कोबीची पाने, मेथीच्या काड्या मी रोज सकाळी शेणात कालवून टाकीत सोडत होते. त्या गॅसवर शाळेची खिचडी शिजत होती. चार वर्षांत शाळेत चूल पेटली नाही.

२. खरे काम मी करत नव्हते, टाकीतले जंतू करत होते. प्रशिक्षणात आकांक्षा मॅडमनी सांगितले ते असे. पहिली टोळी भाजीचा लगदा करते, दुसरी त्याचे आंबट पाणी करते, शेवटची ते आंबट खाऊन गॅस सोडते. एकीचे उष्टे ते दुसरीचे जेवण. शेवटची टोळी फार नाजूक, तिला ना हवा चालते ना औषध. ती मेली की बाकीच्या नुसत्या आंबवत बसतात आणि त्याच आंबटात मरतात. त्यांच्यावर कोणी अधिकारी नव्हता, म्हणून काम सुरळीत चालले होते, हे नम्रपणे नमूद करते.

३. आपण येणार म्हणून आदल्या दिवशी ग्रामपंचायतीचे सचिव अंकुरभाऊ चार माणसे घेऊन आले. टाकी उपसली, झाकण उघडे टाकले आणि आतून फिनेल व ब्लीचिंग पावडरने धुतली. मी आडवी आले. ते म्हणाले, "साहेबाले वास आला तं माही नोकरी जाईन. तुले काय समजते त्यातलं?" मी म्हटले, "भाऊ, हे मेले तं गॅस कोन करन? तुमी?" नोकरी गेली ती माझी.

४. आपण आलात. नाकासाठी काढलेला रुमाल आपण परत खिशात ठेवलात आणि "दुर्गंधी नाही, टाकी पूर्णपणे निर्जंतुक, अनुकरणीय" असा शेरा लिहिलात. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होते. पण आपण माझ्या गळ्यात हार घातला आणि मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

५. टाकी धुतली त्या दिवसापासूनच शेगडी विझली. सहा आठवड्यांनी आपल्या कार्यालयाने विचारले, गॅस का नाही? मी खरे ते लिहून दिले. उत्तर आले, "टाकी निर्जंतुक असल्याचा शेरा आहे, सबब दोष टाकीत नसून देखभाल करणारीत आहे." आता टाकी २ जानेवारीला भंगारात जाणार आणि मला आवारात पाय ठेवायला मनाई. शाळेत वच्छलाबाई कापसाच्या ओल्या पऱ्हाटीवर खिचडी शिजवते. तिचे डोळे सुजलेले असतात, आणि रस्त्यात मी दिसले की ती माझ्याशी बोलत नाही.

६. एक गुन्हा कबूल करते. उपसलेल्या गाळातल्या दोन बादल्या मी न विचारता घरी नेल्या. घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवून थोडे शेण, थोडा पाला घालत विरजणासारख्या जपल्या. आज त्यावर माझा चहा होतो. ते जिवंत आहेत, साहेब. टाकी साध्या पाण्याने धुऊन त्यात हे विरजण घालू द्यावे. दीड महिन्यात शाळेची शेगडी पेटवून दाखवते. नाही पेटली तर तो शब्द माझ्या नावापुढे तसाच राहू द्यावा.

खात्रीसाठी आपण स्वतः माझ्या घरी येऊन ड्रम पाहावा. फक्त येण्याची तारीख कोणाला कळवू नये. कळली तर हा ड्रमही धुतला जाईल.

आपली, कामावरून कमी केलेली, तरी नम्र,
माणिकबाई गोवर्धन निमकर्डे
मौजे भेंडखेड, दि. २२/१२/२०२५

सोबत : १) प्रशस्तिपत्राची झेरॉक्स. २) आदेशाची झेरॉक्स. ३) आपण घातलेला हार, सुकलेला.