प्राप्तीचं बीपी आणि आमचं घरचं मीठ

१० नोव्हेंबर, सोमवार
अलिबागला तपासणी. प्राप्तीला सातवा लागलाय. बीपी वाढलंय. डॉक्टर मॅडमनी गोळी दिली. म्हणाल्या, मीठ बेताचं, लोणचं-पापड-सुकी मासळी बंद, आराम, टेन्शन नको. आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. टेन्शन घ्यायला मी आहे.

११ नोव्हेंबर
पाकिटातलं मीठ परसात ओतलं. केमिकल असतं त्यात. काकांच्या मिठागरावरून खडे मीठ आणलं. ऊन आणि समुद्र, बस. आई म्हणाली, सगला जल्म मिठागरात गेला, आमाला कंदी बीपी झाला न्हाय. (आईचं बीपी कधी मोजलेलं नाही. पण मुद्दा बरोबर आहे.) प्राप्ती म्हणाली, मॅडमनी कमी सांगितलंय, कुठलं ते नाही. तिला सायन्स समजावलं. मी कॉमर्सचा असलो तरी वाचन आहे.

१३ नोव्हेंबर
गरोदर बाईचं मन मारू नये, म्हणून सुकट केली. प्राप्तीने मागितली नव्हती, पण मला तिच्या मनातलं कळतं. नियम पाळून आधी तीन पाण्यांत धुतली. खारटपणा पार गेला. चव बघितली तर अगदीच मिळमिळीत. मग थोडं मीठ घातलं. आपलंच.

१५ नोव्हेंबर
बीपीचं मशीन घेतलं. जेवणाआधी, जेवणानंतर, मध्ये सहज. मी पट्टा बांधून तिच्या तोंडाकडे बघत बसलो की आकडा वाढतो. मशीन डिफेक्टिव्ह. सेल बदलले. आकडा तोच. प्राप्ती म्हणाली, हितेश, तू जरा बाहेर जाऊन ये. गेलो नाही. जबाबदारी आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
बीपी आणखी वाढलं. पायांना सूज. मॅडमनी आहार विचारला, मी मिठागरासकट सगळं अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मीठ ते मीठच. गोळी वाढवली. उतरलं नाही तर ॲडमिट, बाळालाही धोका. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आणा. गाडीत बसलो आणि चावी फिरवायला हात उठेना. खूप भीती वाटली. प्राप्तीच म्हणाली, चल आता.

१८ नोव्हेंबर
सासूबाई रेवसहून आल्या आणि तिला घेऊन गेल्या. मीही बॅग भरली होती. त्या म्हणाल्या, तुमी ऱ्हावा घरान, लय दमलाव. माझी काळजी करतात.

२१ नोव्हेंबर
फोन केला, सूचना द्यायला. सासूबाई म्हणाल्या, निजलीय. संध्याकाळी केला. निजलीय. इतकी झोप बरी का, विचारलं. फोन कट झाला. रेंज नसते तिकडे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बीपी आटोक्यात. सूज उतरली. ॲडमिट नाही. मॅडम खूश. सासूबाईंना विचारलं, काय केलंत? त्या म्हणाल्या, काय न्हाय. भात, भाजी, ताजी मासली, मीठ जरासा, टायमावर गोली. आन् जावयाला येव दिला न्हाय.

मॅडम हसल्या नाहीत. गंभीरपणे म्हणाल्या, हेच बाळंतपणापर्यंत चालू ठेवा.

बाहेर येऊन बाकावर रडलो. प्राप्ती बरी आहे, त्याचंच. बहुतेक त्याचंच. तिने पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या आईला विचारून मला रविवारी भेटायची परवानगी काढून दिली. अर्धा तास. बोलायचं नाही.