पाठीला पाठ

५ फेब्रुवारी, बुधवार

आले एकदाची! हॉस्पिटलातून सुटून ताईच्या नव्या घरी येऊन तीन तास झाले आणि मी चक्क खुशीत आहे. ताई-भावजी दोनच महिन्यांपूर्वी इथे राहायला आले, त्यामुळे मी हे घर आज पहिल्यांदाच बघतेय. तळमजला, एकही पायरी नाही, आणि मागची मोठ्या खिडकीची खोली माझी. भिंतींना अजून रंगाचा वास येतो. भावजींनी माझ्यासाठी हवेची गादी आणलीय, नवी कोरी, माझ्यासमोर पिशवी फाडून काढली. तिच्या नळ्या आडव्या आहेत. पंप आळीपाळीने एकीत हवा भरतो, दुसरीतून काढतो. घुर्र, घुर्र. मांजर पाळल्यासारखं वाटतं.

दोन वर्षांत मी बावन्न किलो उतरवले. चरबी गेली, कातडी मात्र राहिली, पोटावर, कमरेवर, पाठीवर लोंबत. तीस वर्षं शिवणक्लास चालवते. ढगळ कपडा आत घ्यायला मला दहा मिनिटं पुरतात, पण स्वतःची कातडी आत घ्यायला सर्जन गाठावा लागला. त्याने कमरेभोवती गोल कापून जादाचं काढलं आणि शिवलं. टाके आरशात पाहिले. माझ्या क्लासातल्या दुसऱ्या महिन्याच्या मुलीने याहून सरळ घातले असते. असो.

आता सगळा खेळ झोपण्याचा. उताणंच झोपायचं, डोक्याकडची बाजू उंच, गुडघ्यांखाली उशा, म्हणजे कमर वाकलेली राहते आणि टाक्यांना ताण बसत नाही. टाचा उशीच्या बाहेर, अधांतरी. दर दोन तासांनी भार बदलायचा, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मग चार पावलं चालायचं. ऑपरेशननंतर सूज आवरायला अंगावर चढवलेल्या घट्ट सूटला नि चादरीला सुरकुती म्हणून पडू द्यायची नाही. नाहीतर दाबाने कातडी आतून मरते आणि जखम होते. पाठ बरीचशी बधिर आहे, काही महिने तशीच राहील. सर्जनने बजावलंय की दुखलं की कळेल या भरवशावर राहू नका, दुखणारच नाही, डोळ्यांनी बघावं लागेल. तेव्हा ताई सकाळ-संध्याकाळ माझी पाठ बघणार. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर फोन करायचा.

कधी कूस बदलली ते लिहून ठेवायला सांगितलंय. ही मापांची वही बॅगेत होतीच. लिहितेय तर चार ओळी जास्त लिहीन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कंटाळा, कंटाळा आणि कंटाळा. ताईने स्वयंपाकघरातला टायमर माझ्या उशाशी आणून ठेवलाय. तो वाजला की ती हातातलं काम टाकून येते, मला कलती करते, पाठीखाली हात सरकवून चादर सपाट करते आणि जाताना रागावून जाते. कशाबद्दल ते तिलाही सांगता येणार नाही. मला शिंकायची चोरी, हसायची चोरी, खाली पडलेलं पेन उचलायची चोरी. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या दोन नळ्या कमरेला लटकतात, ते पाणी मोजायचं तेही ताईनेच. पन्नाशी उलटलेल्या बाईला बाळासारखं वागवलं की डोकं फिरतं.

संध्याकाळी माकडहाडाशी एक लाल डाग दिसला. शर्टाच्या बटणाएवढा. ताईने दाबला, पांढरा पडला नाही. सर्जनला फोन केला तर तो म्हणाला, दर तासाला हला. म्हणजे टायमर आता दुप्पट वाजणार.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन डाग. एकावर एक, सारख्या अंतराने. ताईने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. बटणपट्टी लावल्यासारखे.

ड्रेसिंगला येणारी सिस्टर म्हणाली, सूटची शिवण रुतते. मी तिला म्हटलं, बाई गं, शिवण मला शिकवू नकोस. सूट उतरवून उलटा करून दाखवला. चेन दोन्ही बाजूंना, पाठीवर अखंड कापड, टाका नाही. मग ती म्हणाली, गादीच्या नळ्या रुतत असतील. नळ्या आडव्या, डागांची ओळ उभी. हे सांगेपर्यंत तिने पिशवी उचलली होती. ऑपरेशनमध्ये कातडीबरोबर अक्कलही काढून घेतात, असं या लोकांना वाटत असावं.

तासातासाला हलतेय. एकही पाळी चुकली नाही, वहीत सगळं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सर्जनकडे जाऊन आले. आता सात डाग. तो म्हणाला, मणक्यांवरची कातडी नाजूक असते, दाब तिथेच येतो. मी म्हटलं, डॉक्टर, हे माझे मणके नाहीत. तो हसला. मी पर्समधून टेप काढली आणि ताईला मापायला लावलं. माझा मणका त्याच्या जागी, त्यावर एक डाग नाही. डागांची ओळ त्याच्यापासून बरोबर अडीच इंच डावीकडे, वरपासून खालपर्यंत तेवढंच अंतर. तिथे खाली हाडच नाही. दाबलं तर मऊ लागतं.

तो म्हणाला, सूज आहे, सूज उतरली की सगळं जागेवर येईल. जागेवर काय येईल, डाग की मणका? विचारायला तोंड उघडलं तोवर त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. गादी बदला म्हणाला. परतताना गाडीत ताई माझ्यावर खेकसली की चारचौघांत टेप काढायची काय गरज होती. मी रडले. रागानेच, दुसरं काही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हवेची गादी गेली, फोमची आली. भावजी एकट्याने ओढत घेऊन आले बिचारे. पंप नाही त्यामुळे खोली शांत आहे. फार शांत.

दुपारी तीनला टायमर वाजला. ताईला हाक न मारता स्वतःच उजवीकडे कलले, उशी खोचली, स्थिर झाले. तेवढ्यात गादी पुन्हा दबली. डाव्या बाजूने. माझ्यामागून कुणीतरी नीट सरकून घ्यावं तशी. मला वाटलं, ताई काठावर बसली. तिला म्हटलं की पाणी दे. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, आणि मिक्सरवर ताई होती.

फोम दबून हळूहळू वर येतो, नवी गादी आहे, असं भावजी म्हणतात. असेल. नऊ डाग आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ताईने नेहमीसारखा चादर सपाट करायला पाठीखाली हात घातला आणि ती थांबली. हात तसाच आत. मग झटक्यात बाहेर काढला. तिने विचारलं, तुझा हात खाली होता का? माझे दोन्ही हात पोटावर होते, नळ्या धरलेले. तिला ते दिसत होते. तरी तिने पुन्हा विचारलं.

मग ती बराच वेळ हात धूत होती. नळाचा आवाज येत होता.

त्यानंतर ती जवळ येतच नाही. टायमर वाजला की दारातून सांगते, वळ. कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, काय लागलं हाताला ते सांग. ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, मग घाल पुन्हा. ती निघून गेली. पाठ माझी, खोली माझी, निजायचं मला, आणि भीती हिला!

डाग ११. आता आकडेच लिहीन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

१२. वरची कातडी दोन ठिकाणी निघालीय. मला कळतही नाही. चादरीवर ओल दिसते तेव्हा कळतं.

सर्जन परगावी, सोमवारी येणार. त्याच्या असिस्टंटला फोटो पाठवले. दोन तासांनी उत्तर आलं की नियमित कूस बदलत राहा. मोबाइल भिंतीवर आपटणार होते, पण हात वर जात नाही. टाके ओढतात.

कूस बदलतेच आहे. पण आता आधी मागे हललेलं जाणवतं, गादी हलते, आणि मग टायमर वाजतो. मागे जे आहे त्यालाही वेळ पाठ झालीय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खोली सोडली. भावजींना दिवाणखान्यात पाठवून ताईच्या पलंगावर आले. वेगळी खोली, जुनी गादी, ताईची चादर. दुपारभर तिथे होते, ताई खुर्चीत समोर बसून. गादी दोनदा दबली. दोन्ही वेळा मी तिच्याकडे पाहिलं. तिने खिडकीकडे पाहिलं.

संध्याकाळी फोटो. १५. आणि वर एक लांबट डाग, खांद्याच्या हाडाचा. माझ्या हाडापासून अडीच इंच डावीकडे. अगदी अरुंद. हाडाला मांस नसलेलं माणूस असावं.

मी ताईला सरळ सांगितलं की कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून निजतंय. ताईने वाद घातला नाही. जन्मात पहिल्यांदा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आता आडवं व्हायचंच नाही. ठरलं. स्वयंपाकघरातलं स्टूल खोलीच्या मधोमध ठेवून घेतलंय. त्याला पाठ नाही. बसते, उठते, चार पावलं, पुन्हा बसते. ताई म्हणते, असं बसून टाके तुटतील. तुटू देत.

काल रात्रीपासून झोप नाही. कमर थरथरते. नळीतलं पाणी लाल आलं, दोनदा. ताईने मोजलं नाही, नुसतं ओतून दिलं.

आज डाग वाढला नाही. १५ च. जिंकले की काय—

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी. सर्जन आलाय, लगेच आणा म्हणाला. शेवटी! भावजी गाडी काढायला गेलेत. ताई बॅग भरतेय, पलीकडच्या खोलीत. कपाटाचं दार वाजतंय. मला दहा मिनिटं बसून राहा म्हणाली. दहाच मिनिटं—

हात चालावा म्हणून लिहितेय. थांबले तर डोळे मिटतील.

पाठीत वाक आलाय. सरळ होते. पुन्हा वाक. पाठ टेकायची आहे, बाकी काही नको. कुठेही. पाच मिनिटं—

ताईला हाक मारली. आवाज निघाला नाही बहुतेक. कपाट अजून वाजतंय.

आता जरा बरं वाटतंय. कमरेचा ताण गेला. मागे रेलता आलं, छान—

भिंत मागे कुठेय? दोन हात लांब. बघितलं मी. स्टूलला पाठ नाही.

मी रेललेय.

हलायचं नाही. हलले की तेही— गाडीचा हॉर्न. आले भावजी. ताई, ये ना. ताई—

डोकं मागे जातंय, थांबवता येत नाही. टेकलं. मऊ नाही. मानेपाशी काहीतरी येतंय, पुढे, गळ्यावर. केस आहेत. माझे तर ताईने सकाळी वर बांधले, घट्ट अंबाडा. हे मोकळे आहेत, ओले, आणि ते आता वळ