हिमालय आणि इमरानचा फ्लेक्स

११ एप्रिल
नाव नोंदवलं. लडाखमधलं सहा हजार मीटरचं शिखर, गाइडसकट. शिखराचं नाव सांगितलं की स्टाफरूममधले ‘कुठं आलं ते?’ विचारतात, म्हणून नुसतं हिमालय म्हणतो. एवढी वर्षं भूगोल शिकवतोय, हिमालय मला पाठ आहे. चढणं ही फॉर्मॅलिटी. या भोकरदनमध्ये पंचायत समितीच्या जिन्याहून उंच कुणी चढलेलं नाही.
उद्यापासून पहाटे रनिंग.

१३ एप्रिल
रनिंग उद्यापासून. गल्लीत कुत्री फार.

१९ एप्रिल
गणिताच्या आसिफा मॅडमही त्याच बॅचमध्ये. हसू आवरेना. बायको उमा म्हणाली, मॅडम पाठीला ज्वारीची पिशवी बांधून रोज पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून राह्यल्यात. म्हटलं, ज्वारी गिरणीत न्यायची असते, हिमालयात नाही. उमा म्हणाली, मंग तुम्ही गिरणीपर्यंत तरी न्या.
या घरात मोठा विचार करणारा मी एकटा.

३० एप्रिल
इमरान फ्लेक्सवाल्याकडे डिझाइन दिलं. मध्ये मी, पुरुषभर उंच, गॉगल लावून. वर ‘मराठवाड्याचा वाघ! हिमालयावर झेंडा फडकवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत मुख्याध्यापक, मेहुणा वगैरे पासपोर्ट साइज. मन मोठं करून ओळीच्या शेवटी मॅडमचाही फोटो टाकायला लावला. बाईंचं तेवढंच नाव होईल.
इमरान म्हणाला, सर, आधी चढून तर या. म्हटलं, फोन आला की बसस्टँडसमोर लाव. असल्या शंकेखोर लोकांमुळेच तालुका मागे राहिला.

४ जून, लेह
विमानाने पोचलो. गाइड स्टॅन्झिन, माझ्या खांद्याएवढा. म्हणतो, दोन दिवस नुसतं पडून राहा, पाणी प्या. पडून राहायला भोकरदन काय वाईट होतं? मॅडम आज्ञाधारकपणे झोपल्या. मी बाजार पाहिला, किल्ला चढलो. परत येऊन स्टॅन्झिनला विरळ हवेचा धडा समजावला. तो मान हलवत होता. कळलं नसावं.

५ जून
डोकं दुखतंय. इथे चहात लोणी घालतात. त्यानेच.

८ जून, बेस कॅम्प
उलट्या. नूडल्स शिळे असणार. मॅडम गोळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सर, जिद करू नका, स्टॅन्झिनला बराबर सांगा काय होऊन राह्यलं ते. सीनियॉरिटीत माझ्या खाली आहेत, हे विसरल्या. गोळी घेतली नाही.
स्टॅन्झिनला ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. फ्लेक्स छापून तयार आहे, आता माघार नाही.

९ जून
बूट उलटसुलट घातले गेले. स्टॅन्झिनने माझं नाव विचारलं. मी मुख्याध्यापकांचं सांगितलं. माणूस चुकतो. तेवढ्यावरून त्याने खेचर मागवलं, खाली पाठवतोय. कडाडून विरोध करणार होतो. पण बसल्यावर बरं वाटलं.

११ जून, लेह
खाली येताच डोकं थांबलं. म्हणजे मी ठीकच होतो, जागा वाईट होती.
मॅडम चढल्या म्हणे. इतकं हळू चाललं तर कुणीही चढेल.
इमरानला फोन केला. म्हटलं, भोकरदनचा झेंडा वर पोचला, फ्लेक्स लाव. एक अक्षर खोटं नाही. तो म्हणाला, मालूम है सर, ग्रुपवर फोटो आल्ता, लावूनच राह्यलो. एवढा तत्पर तो कधीच नव्हता. माझ्या नावाचा दरारा.
डॉक्टर आणखी दोन दिवस थांबा म्हणतोय. थांबतो. सत्काराला चेहरा ताजा हवा.

१६ जून, भोकरदन
मॅडम परवाच परतल्या. मी आज जालन्याहून एसटीने आलो. घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी जॅकेट घालूनच उतरलो. भाषण तोंडपाठ होतं.
स्टँडसमोर फ्लेक्स. मध्ये आसिफा मॅडम, पुरुषभर उंच. वर ‘मराठवाड्याची वाघीण!’ खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, अगदी शेवटी, पासपोर्ट साइज, गॉगल लावून मी.
इमरानला झापलं. तो म्हणाला, सर, डिझाइन तुमचंच हाय. बस दोन फोटो इकडचे तिकडे केले.
उमाला फोन केला. ती हार घेऊन मॅडमच्या घरी गेली होती.
रिक्षात बसलो. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघतच होता. शेवटी म्हणाला, तुम्ही त्या मॅडमचे शुभेच्छुक न्हाई का?
जॅकेट काढलं. हो म्हणालो.