भिंतीतून की छपरातून

अण्णा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. तुमच्या पत्र्या-धुरांड्यांच्या धंद्यातली एक गोष्ट घरात घडली आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला नीट सांगता येईल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाराही महिने घाम येतो. इथं शेगडीनं घर ऊबदार ठेवायचं म्हटलं तर लोक हसतील. पण तुमची नात, जी तुम्ही पाहिलीच नाहीत, ती आता न्यूझीलंडच्या दक्षिणेला एका गावात गुराढोरांची डॉक्टर आहे. तिथं बर्फ पडतो. तिनं आणि जावयानं एक जुनं बैठं घर घेतलं, बाळ झालं, आणि पहिल्या हिवाळ्याआधी त्यांनी पेलेटची शेगडी आणली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या तिच्यात जळतात. कांड्या विजेवर आत पडतात आणि धूरही विजेचा पंखाच बाहेर ढकलतो. प्रश्न एवढाच होता, की धुराचा पाईप न्यायचा कुठून.

बसवणाऱ्या माणसानं दोन रस्ते सांगितले. शेगडीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून पाईप सरळ बाहेर काढायचा, म्हणजे अर्ध्या दिवसात काम संपलं. नाहीतर पाईप उभा वर चढवून छपरातून काढायचा, त्याला दोन दिवस, आणि छप्पर गळायची धास्ती. लेकीनं मला विचारलं, कारण मी इथं बावीस वर्षं मोठमोठ्या इमारतींच्या हवेच्या नळ्यांचं काम करते. मी शेगडीचं माहितीपत्रक वाचलं, खिडकीपासूनचं अंतर मोजायला लावलं आणि सांगितलं, "भिंतीतून काढ. पंखा आहे ना ढकलायला."

 ती इथं वाढली, अजून इथल्याच तऱ्हेनं वाक्याला 'ला' जोडून बोलते. म्हणाली, "आई, कॅन नॉट ला. इथं वादळात लाइट जाते. अँड देन? तूच सांगितलं होतंस ना आजोबांच्या त्या बेकरीच्या धुरांड्याचं?"

सांगितलं होतं. ती लहान असताना, जेवता जेवत नव्हती तेव्हा. मीच विसरले होते.

मी आठवीत आहे. सांगलीतल्या एका बेकरीच्या भट्टीला तुम्ही धुरांडं करून दिलं आहे. मालकानं नुकतीच कौलं बदलली होती, त्यांना भोक नको म्हणून त्यानं हट्टानं पाईप मागच्या भिंतीतून काढायला लावला आणि तोंडाशी पंखा बसवला. पंधरा दिवस सगळं ठीक. मग एका दुपारी वीज गेली, धूर उलटा आत आला आणि पाव भाजणारे दोघं खोकत, डोळे चोळत रस्त्यावर येऊन बसले. तुम्हाला निरोप आला तेव्हा तुम्ही जेवत होतात. हात धुऊन उठलात, मला म्हणालात, "चल, शिडी धरायला कुणीतरी लागंल." मालक म्हणत होता, "चालतंय हो, लाइट आली की जाईल धूर." तुम्ही म्हणालात, "न्हाई, चूक माझी हाय. तुम्ही कायबी सांगितलं तरी मी ऐकायला नको होतं. धुराला पंख्याच्या जिवावर सोडायचं नसतं. वीज गेली तरी त्याला आपल्या पायानं जाता आलं पायजे." आणि तुम्ही स्वतःच्या हातानं बांधलेलं धुरांडं उतरवलंत. कौलं काढलीत, पाईप सरळ उभा केलात. खालून मी एक सांधा पाहून म्हटलं, "बसला घट्ट." तुम्ही वरून ओरडलात, "हात लावलास का? मग बोलू नगं." मी हात लावला. सांधा हलत होता. त्या दिवशी मला रडू आलं होतं, आणि संध्याकाळी तुम्ही मला तुमची पत्रा कापायची लहान कात्री देऊन टाकलीत. का, ते बोलला नाहीत.

लेकीला मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे. छपरातून." मग पुढचे चार दिवस ऑफिसहून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायचे. पाईप दुहेरी पत्र्याचा, वळणं कमीत कमी, खाली राख काढायला झाकण, छपराच्या भोकाभोवती पत्र्याची घडी अशी की पाणी वरून सरकून जाईल. बसवणारा कुरकुरला. पण तुमची नात बूट घालून त्याच्यामागे छपरावर चढली आणि व्हिडिओवर मला एकेक सांधा हात लावून दाखवत गेली. मी सांगितलं नव्हतं, अण्णा. तिचं तिनंच केलं.

जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, वादळ आलं. भरदुपारी तिचा फोन. "आई, लाइट गेली. पंखा बंद." मी ऑफिसातून उठून जिन्यात गेले. बाळ त्याच खोलीत होतं. विचारलं, "धूर? अलार्म?" ती म्हणाली, "अलार्म गप्प आहे. थांब." दार उघडल्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज. मग ती बर्फात उभी राहून हसायला लागली. व्हिडिओ लावून फोन वर धरला तिनं. छपरावरून धुराची बारीक रेघ वर चढत होती, वाऱ्यानं वाकत होती, पण चढत होती. आतल्या कांड्या आपोआप जळून विझेपर्यंत ती तशीच चढत राहिली. "स्टेडी ला, आजोबा," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत शाब्बास.

तुमचं पत्र्याचं दुकान कधीच विकलं गेलं. मला वाटायचं, तुमचं काम तिथंच संपलं. तसं नाही. ज्या पोरीनं तुम्हाला पाहिलं नाही, तिला ते माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्या दुपारी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून अभिमानानं इतकी ताठ झाले होते, की जिना उतरताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, पगार वाढला का.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहिते. गेल्या रविवारी इथंच सेरंगूनला एका मित्राकडे आम्ही सगळे मराठी जेवायला जमलो होतो. ह्यांनी कौतुकानं सांगितलं, "हिनं इथं बसून तिकडचं धुरांडं उभं केलं, म्हणून पोर वाचलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी म्हणालं, वडिलांचंच रक्त. मी आधी भिंत म्हटलं होतं, हे तिथं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, अण्णा. मान खाली घातली आणि आणखी थोडं श्रीखंड वाढून घेतलं.