हिरण्यकेशीच्या डोहातला धोंडा आणि न भिजलेली अंबाडी

प्रति,
मेहेरबान मामलेदार साहेब,
पेटा गडहिंग्लज, इलाखा करवीर,
यांचे सेवेसी.

अर्जदार : सत्याप्पा बिन यल्लाप्पा मांग, वय सत्तरीच्या आसपास, धंदा दोर वळणे, राहणार मौजे तळेवाडी, पेटा मजकूर.

विषय : अंबाडी भिजवण्याचा डोह देवाचा ठरवून बंद केल्याबाबत, आणि तो देव कसा झाला याबाबत.

संदर्भ : मौजे तळेवाडीच्या पंचांनी दसऱ्यानंतर चावडीवर केलेला ठराव. त्याची नक्कल मला मिळालेली नाही. वाचून दाखवला तेव्हा मी चावडीच्या खाली उभा होतो. जेवढा खाली ऐकू आला तेवढाच मला माहीत आहे.

महोदय,

हा अर्ज मी माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षरे मला म्हातारपणी आली. गावच्या शाळेच्या मास्तरांची बाज मी विणून दिली आणि त्यांनी मला पाटी दिली, तिथून सुरुवात झाली. आपल्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ बसतात. आधी त्यांच्याकडे गेलो होतो. सगळे ऐकून ते म्हणाले की डोहाचे लिहितो, पण हाताचे लिहिणार नाही. हाताचे लिहिले तर अर्ज बिघडेल. हाताचे काय आहे ते खाली कलम तीनमध्ये येईल. तेवढ्याचसाठी मी तिथून उठून आलो. अक्षर वाकडे आहे, त्याची माफी असावी. मजकूर सरळ आहे.

१. आमच्या गावात जोंधळ्याच्या आणि भुईमुगाच्या रानाला कडेने अंबाडीची एक वळ पेरतात. ती वळ कापायची, भिजवायची आणि सोलायची माझ्याकडे. शेतकऱ्याने सुगीला मला बलुते घालायचे आणि मी त्याला वर्षभराचे दोर द्यायचे : बैलांचे कासरे, म्हशींची दावी, मोटेचा नाडा. हे माझ्या आजापासून चालत आले आहे. अंबाडी फुलावर आली की कापतात, भारे बांधतात आणि पाण्याखाली दाबून ठेवतात. साल कुजून काडीपासून सुटते, तिला वाख म्हणतात, आणि वाखाचा दोर होतो. पाणी मात्र संथ लागते, वाहत्या पाण्यात भारे निघून जातात. आमच्या शिवारात हिरण्यकेशीला संथ पाणी त्या एका डोहातच आहे. न भिजवता अंबाडी वाळली की साल काडीला धरून बसते. मग ती चुलीत घालण्यापलीकडे कामाची नाही.

२. भारे पाण्यावर तरंगतात, म्हणून वर वजन लागते. आमचे रान काळ्या मातीचे, त्यात नारळाएवढा दगड सापडायचा नाही. म्हणून मी आणि केरबा बिन आकाराम, शेतकरी, राहणार सदर, अशा दोघांनी ऐन उमेदीत टेकडीवरून एक काळा सपाट धोंडा केरबाच्या गाडीत घालून आणला. उतारावर गाडी कलंडली आणि केरबाच्या डाव्या बैलाचा खांदा सोलून निघाला. धोंडा डोहात लोटल्यावर केरबा त्यावर चढून उभा राहिला आणि मला म्हणाला, “ये की वर, सत्या. हितं कोण बघतंय?” मी चढलो. तेव्हापासून दरसाल भाऱ्यांवर धोंडा सरकवायचा आणि भारे खाली बसेपर्यंत दोघांनी त्यावर उभे राहायचे, असे चालत आले. भारे बसायला वेळ लागतो. तेवढ्यात बोलणे होई. त्याच्या मुलीचे लग्न कुठे करावे हे आम्ही धोंड्यावर ठरवले. माझा थोरला मुलगा गेला तेव्हा त्या वर्षी आम्ही नुसते उभे राहिलो. गावात तो कट्ट्यावर बसतो आणि मी खाली. धोंड्यावर आम्ही एका उंचीचे होतो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. धोंडा दोन माणसे मावण्याइतका रुंद आहे, एवढे साहेबांना कळावे म्हणून लिहितो.

३. गेल्या मार्गशीर्षात पौर्णिमेच्या दिवशी भारे वर काढायचे होते. धोंडा शेवाळला होता. केरबाचा पाय घसरला, तो डोहात गेला आणि त्याचा पाय धोंड्याखालच्या भाऱ्यांत अडकला. मी उडी टाकली. पाय सोडवला, मनगट धरले आणि त्याला ओढून धोंड्यावर पालथा घातला. त्याच्या तोंडातून पाणी निघाले. माझ्या हाताला त्याने इतके घट्ट धरले होते की बोटे मला एकेक करून सोडवावी लागली. तेवढ्यात कोणी ओरडले आणि रानातली माणसे धावत आली. माणसे आली तसा मी सवयीने बाजूला सरलो आणि काठावर लांब जाऊन उभा राहिलो. त्यांनी पाहिले ते एवढेच की केरबा धोंड्याला मिठी मारून पडला आहे आणि जिवंत आहे. एकाने विचारले, “कुणी काढलं रं तुला?” केरबाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग भोवतालच्या माणसांकडे पाहिले. आणि म्हणाला, “धोंड्यानं धरलं मला.”

साहेब, हात माझा होता.

४. त्या दिवशी मी हसलो. मला वाटले, भ्यालेला माणूस आहे, घरी जाऊन खरे सांगेल. दुसऱ्या आठवड्यात धोंड्याला शेंदूर लागला, तो केरबाने लावला होता. मग नारळ फुटले. मग गुरवाच्या स्वप्नात धोंडा आला आणि आपल्यावर ऊन पडते म्हणाला, म्हणून वर छप्पर झाले. बेंदराला सगळ्या गावाचे बैल त्याच्यासमोर नेले. माझी बायको शालूबाईसुद्धा आता लांबून हात जोडते. मी रागावलो तर म्हणाली, “धोंड्याला हात जोडायला माझं काय जातंय? त्यो तरी खोटं बोलला न्हाई.”

५. पाणवठ्यावर कोणाला अडवू नये, असा सरकारचा हुकूम आमच्या चावडीवर वाचून दाखवला होता. त्यानंतरच हंबीरराव पाटलांना देवाची भक्ती जास्त आली, असे माझे नम्र म्हणणे आहे. दसऱ्यानंतर पंच बसले. अंबाडीच्या वासाने देवाला त्रास होतो, सबब डोहात कोणी अंबाडी घालू नये आणि मांगाने छपराच्या अलीकडे थांबावे, असे ठरले. मी खालून हुकुमाची आठवण करून दिली. पाटील म्हणाले, “हुकूम पाणवठ्याला हाय. ह्यो आता पाणवठा न्हाई, देवस्थान हाय.” मी म्हणालो, देव नाही, माझा धोंडा आहे, टेकडीवरून आणला आहे, त्यावर उभे राहून भारे दाबतो, केरबाला विचारा. केरबा पंचांत बसला होता. त्याला विचारले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “कुणी न्हाई आणला. भुईतनं वर आलाय.” मला त्याच्या बैलाचा सोललेला खांदा आठवला. त्या जखमेला भरायला सगळा पावसाळा लागला होता आणि तेवढे दिवस केरबा स्वतः जू धरून चालला होता. ते तो कसा विसरला, ते मला कळत नाही.

६. त्याच बैठकीत, मीच कबूल केल्याप्रमाणे देवावर वर्षानुवर्षे पाय देऊन उभा राहिल्याबद्दल, मला एक कोंबडे आणि एक नारळ असा दंड झाला. मी विचारले, तेव्हा तो देव नव्हता, मग दंड कसला? तर म्हणाले, देव होताच, कळले आता. मी म्हणालो, मग केरबाही माझ्या शेजारीच उभा असे, त्यालाही दंड असावा. त्यावर पंचांनी आपसांत विचार करून सांगितले की केरबा भक्तीने उभा होता. कोंबडे मी दिले. ते देवाने खाल्ले नाही, कोणी खाल्ले ते लिहीत नाही.

७. अंबाडी दुसरीकडे भिजव, असे मला सांगण्यात आले. मी पाणंदीतल्या खड्ड्यात चार भारे घालून पाहिले, त्यात म्हशी बसल्या. नदीच्या उताराला घातले, ते वाहून गेले आणि खालच्या गावाने परत दिले नाहीत. पाटलांनी रांजणात भिजवायला सांगितले. अंबाडी माझ्यापेक्षा उंच आहे.

८. आता सर्वांत अवघड गोष्ट लिहितो. येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला देवाची पहिली जत्रा आहे. गावाने घंटा आणली आहे. घंटेचा दोर मीच द्यायचा, तो माझ्या बलुत्यात बसतो आणि तो अंबाडीचाच पाहिजे, असा पाटलांचा निरोप आहे. न दिल्यास बलुते बंद. म्हणजे देवाला दोर हवा आहे, दोराला वाख हवा आहे, वाखाला डोह हवा आहे आणि डोह देवाने घेतला आहे. देवाच्या मनात नक्की काय आहे, ते साहेबांनी पाटलांना विचारावे. मांगाने वळलेल्या कासऱ्याचा गावात कोणालाही विटाळ होत नाही. तो दोर दिवसभर त्यांच्या हातात असतो. ज्या हाताने तो वळला, त्या हाताने कोणाला पाण्यातून काढू नये, एवढीच अडचण दिसते.

९. हा अर्ज करण्याआधी मी केरबाच्या रानात गेलो होतो. तो एकटाच होता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, “यंदा तुझ्यासाठी दोन वळी पेरल्यात, सत्या. बघ की, केवढी वाढलीया.” खरोखरच दोन वळी होत्या, आणि तशी अंबाडी मी पाहिली नव्हती. मी म्हणालो, ती भिजवू कुठे? तो म्हणाला, “जीव वाचला ह्ये खरं का न्हाई? मग कुणी वाचवला ह्ये इचारून काय करतोस? तुझं नाव घेतलं आसतं तर माझ्या नातीची सोयरीक मोडली आसती. देवाच्या नावानं कुणाचंच वाईट झालं न्हाई.” मी म्हणालो, माझे झाले. तो म्हणाला, “तुझं म्हंजे काय, तू घरचाच की.”

साहेब, पाटलांनी डोह बंद केला, त्याचा मला राग आहे. तो राग घेऊन मी आपल्याकडे येऊ शकतो. केरबाने जे केले ते कोणत्या कचेरीत न्यावे, ते मला माहीत नाही. म्हणून दोन्ही एकाच अर्जात घातले आहे. दोन्ही वळी कापून आणल्या आहेत. भारे आज माझ्या दारात उभे आहेत, पाने गळून गेली आहेत.

सबब विनंती अशी की,

देवाला हलवावे असे माझे मागणे नाही. माणसांनी त्याला नवस केले आहेत, बायाबापड्या त्याच्याकडे रडून जातात, त्यांचे मी मोडत नाही. तो देव असेल तर माझा पाय त्याने इतकी वर्षे सोसला, माझी अंबाडीही सोसेल. नसेल तर तो अंबाडीचाच धोंडा आहे. दोन्हीपैकी काहीही असले तरी डोह मला मिळावा, आणि तो लवकर मिळावा. जत्रेचा दोर मी देईन. गावाचे दोर आजवर चुकवले नाहीत, देवाचाही चुकवणार नाही.

दुसरी विनंती वेगळी आहे. आपण चौकशीला गावी आलात तर केरबाला चावडीवर बोलावू नये. त्याला डोहावर न्यावे. पंच, पाटील, गुरव कोणी नको. साहेबांनीही वाटल्यास थोडे लांब थांबावे. आम्हा दोघांना त्या धोंड्यावर चढू द्यावे आणि भारे खाली बसेपर्यंत उभे राहू द्यावे. तिथे तो मला जे सांगेल ते मला पुरे आहे. ते कागदावर घेऊ नये, त्याच्या नातीचे लग्न आहे. तिथेही माझ्याकडे पाहून त्याने धोंड्याचेच नाव घेतले, तर डोहाची मागणीसुद्धा मी मागे घेईन आणि अंबाडी चुलीत घालीन.

साक्षीदार कोणी नाही. जो होता त्याला शेंदूर लावला आहे.

कचेरीच्या पायरीखाली उत्तराची वाट पाहणारा,
सत्याप्पा बिन यल्लाप्पा मांग
(सही स्वतःची, अंगठा नाही)

मौजे तळेवाडी,
कार्तिक शुद्ध नवमी, शके १८४२

सोबत : केरबाच्या रानातल्या अंबाडीची काडी, एक. आज ओली आहे. अर्ज साहेबांच्या हाती पडेल तेव्हा तिची साल नखाने ओढून पाहावी. सुटली, तर अजून वेळ आहे.