भागीदाराची सही

आबा,

काल मारुंजीहून दोन तरुण घरी आले होते. दोघांना मिळून रस्त्याची, गटारांची लहान कामं घ्यायची आहेत, आणि मी एकेकाळी ठेकेदार होतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. एकट्याच्या नावावर नोंदणी करावी, भागीदारी करावी, की दहा-पंधरा जण जमवून मजूर संस्था काढावी, असं त्यांनी विचारलं. मी चहा टाकतो म्हणून आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. हा प्रश्न मला याआधी फक्त तुम्ही विचारला होतात.

तेव्हा तुम्ही पौडच्या रस्त्यावर मैलकुली होता. खड्डे बुजवायचे, मोऱ्यांतला गाळ काढायचा, वादळात पडलेलं झाड बाजूला करायचं, यात तुमचं आयुष्य गेलं. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मी पुण्यात ओव्हरसियरचा कोर्स करून, एका ठेकेदाराच्या हाताखाली तीन वर्षं काढून परत आलो होतो आणि आता मला स्वतःची कामं हवी होती. एकट्यानं करायचं तर ऐपतीचा दाखला लागायचा. आपल्याकडे राहत्या घराखालची जागा सोडली तर ऐपत म्हणण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, मजूर संस्था काढू. सरकार लहान कामं संस्थांसाठी राखून ठेवतं. कामावरून आल्यावर तुम्ही वस्तीत घरोघरी जायचात. माणसं तयार केलीत. सगळ्यात आधी हो म्हणाले ते गवंडीकाका, तुमचे लहानपणापासूनचे सोबती. दगडाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती.

त्या दिवशीचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई भाकरी थापते आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात आणि मी उभाच आहे, कारण मला जे सांगायचंय ते बसून सांगता येणार नाही. मी म्हणतो, माझं ठरलंय, मी वर्गमित्राशी भागीदारी करतोय. गावात त्यांची मोठी जमीन, त्याच्या बापाच्या नावावर दाखला लगेच मिळेल.

"आन् संस्था?" तुम्ही विचारता.

"आबा, संस्थेत सगळेच मालक. सगळेच मालक झाले तर काम कोण करणार?"

आईचा हात थांबतो. "ह्ये मी जल्मभर दुसऱ्यांच्या दारात ऐकलं," तुम्ही म्हणता. "आज माझ्याच घरात ऐकतोय." मग ताट पुढे ओढून जेवायला लागता. त्यानंतर संस्थेचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत. जमवलेल्या माणसांना पुन्हा घरोघरी जाऊन काय सांगितलंत, ते मी विचारलंही नाही.

पुण्याच्या वकिलानं इंग्रजीत करार टाईप करून दिला. पेढीला माझ्या मित्राच्या कुलदेवीचं नाव पडलं. ते मला खटकलं, पण मी बोललो नाही. तो वाईट माणूस नव्हता. गावातल्या लोकांसमोर मला शेजारी खुर्ची द्यायचा, आणि त्या काळी त्याच्या घरच्यांना ते रुचत नव्हतं हे मला ठाऊक होतं. त्या खुर्चीचं मला फार अप्रूप वाटायचं. संस्थेत मला सतरंजीवर बसावं लागलं असतं, आपल्याच माणसांत. खरं कारण तेवढंच होतं, ऐपतीचा दाखला नव्हे.

पहिली दोन कामं नीट झाली. निवृत्त झाल्यावर तुम्ही आपणहून आमच्या कामावर यायला लागलात, गवंडीकाकांच्या जोडीनं. मुलाच्या हजेरीपटावर बापाचं नाव. मी तुम्हाला घरी बसायला सांगितलं तेव्हा म्हणालात, "काम हाय तर यावं. तू तुझं बघ."

तिसरं काम माणच्या बाजूला ओढ्यावरच्या मोरीचं. पावसाळा तोंडावर आलेला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, म्हणून मी सकाळपासून पुण्यात कचेरीत बसलो होतो. इकडे पायाच्या खड्ड्याच्या एका अंगाला भेग दिसली. गवंडीकाकांनी माझ्या भागीदाराला सांगितलं, कड उतरती करून घेऊ, एक दिवस जाईल. तो म्हणाला, एक दिवस गेला तर पाऊस येईल, आजच्या आज दगड बसवा. काका खाली उतरले. दुपारी ती सगळी बाजू त्यांच्या अंगावर आली. मी पोचलो तेव्हा त्यांना बाहेर काढून झालं होतं, पण जीव उरला नव्हता. तुम्ही ओढ्याच्या काठी बसला होता. हातांची बोटं सोललेली, कारण काकांना फावडं लागेल म्हणून तुम्ही हातांनी माती उपसली होती.

पोलीस चौकीत चौकशी झाली. माझ्या भागीदारानं पेढीच्या वतीनं जबाब लिहून दिला: मजुराला खाली उतरू नको असं सांगितलं होतं, तो स्वतःच्या मर्जीनं उतरला. तो घाबरला होता. लिहून दिल्यावर माझ्यापाशी येऊन रडलाही. मी त्याला पाणी दिलं. मी चौकीवर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला अंगणात गाठलंत.

"त्या कागदावर तुझी सही हाय का?"

"नाही आबा. त्यानं केली."

"भागीदार हायेस ना त्येचा?"

"हो."

"मग तुझीच झाली की." आणि म्हणालात, "गवंड्यानं सांगितलं व्हतं, भेग हाय म्हणून. मी हुतो तितं. मजुराचं कोण ऐकतंय? संस्थेचा सभासद आसता तर काम थांबवलं आसतं त्यानं."

तुम्ही एकटे चौकीवर गेलात आणि जे पाहिलं ते सांगितलंत. तिथल्या माणसानं विचारलं, तुमचा मुलगा काय म्हणतो? तुम्ही म्हणालात, त्याला इचारा. मला कुणी विचारायला आलं नाही, आणि मीही आपणहून गेलो नाही. प्रकरण मिटलं. वर्षभरात पेढी मोडली, मी पुण्यात नोकरी धरली. तुम्ही नंतर चार वर्षं होता. काकांच्या घरी रोज जायचात, लाकडं फोडून द्यायचात, काकूंशी बोलत बसायचात. माझ्याशीही बोलायचात, पण फक्त हवापाण्याचं. शेवटच्या आजारात मी पाय चेपायला बसलो की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. झोप लागली असेल असं मी धरून चालायचो.

कालच्या त्या दोघांना मी चहा दिला आणि वकिलाकडे जा म्हणालो. मला जे वाटतं तेच सांगायला हवं होतं: संस्था काढा. पण मग का, हे सांगावं लागलं असतं.

हे पत्र मी घरात कुणाला दाखवणार नाही. पण एक गोष्ट तुम्हालाही कधी कळली नाही. करार झाला त्या दिवशी तुम्ही मला कागद पुढ्यात घेऊन म्हणालात, "काय लिवलंय त्ये आमच्या भाषेत सांग." मी पानं उलटत भराभर सांगत गेलो, आणि तुम्ही मान डोलवत ऐकत राहिलात. आबा, मी ते वाचलं नव्हतं. ते इंग्रजी मला धड समजत नव्हतं, आणि तुमच्यासमोर तसं म्हणायची मला लाज वाटली.